नग बरोबर आहेत

मराठी कुटुंब लांबच्या गाडीने निघालं की त्यातला एक पुरुष आपोआप नगमोजणी अधिकारी होतो. नेमणूकपत्र कुणी देत नाही. ज्याचा आवाज मोठा आणि कंबर अधू, त्याच्याकडे हे खातं चालत येतं. सामान उचलायचं इतरांनी, मोजायचं यांनी. फलाटावर ढिगाशेजारी उभं राहून तर्जनीने हवेत टिंबं देत तो पाचपर्यंत येतो, तेवढ्यात कुणीतरी पाण्याच्या बाटलीसाठी मधलीच पिशवी ओढतं आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. कोणत्या पिशवीत काय आहे याची त्याला सुतराम कल्पना नसते. त्याला फक्त आकडा ठाऊक असतो, आणि त्या आकड्यावर त्याची अपार श्रद्धा असते.

आमच्याकडे हे खातं दाजींकडे. दाजी म्हणजे ताईचे यजमान, सांगलीचे, सरकारी नोकरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. मिरजेच्या फलाटावर दादर-म्हैसूर शरावती एक्स्प्रेसची वाट पाहताना त्यांनी सामान मोजलं, "नऊ" असं जाहीर केलं, तिकिटाच्या झेरॉक्सच्या पाठीवर तो आकडा अक्षरी आणि अंकी लिहिला आणि खाली सही ठोकली. सही कशाला, असं मी विचारलं.

"मागाहून कुणी खाडाखोड करायला नको," दाजी म्हणाले.

गाडीत चढल्यावर दुसरा विधी. खालच्या बर्थखाली लोखंडी कड्या असतात, त्यांतून साखळी ओवून दाजींनी मोठी सुटकेस जखडली. कुलूप लावलं, ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं. त्या सुटकेसमध्ये होत्या धुतलेल्या चादरी, टॉवेल आणि थंडी पडलीच तर म्हणून घेतलेल्या शाली. चोराने ती नेलीच असती तर पुढच्या स्टेशनावर आणून दिली असती. पण आपल्याकडे पहारा वस्तूच्या किमतीवर बसत नाही, तिच्या आकारावर बसतो. जी वस्तू खरोखर हरवणार असते ती नेहमी लहान असते, हाताशी असते आणि तिला कुलूप नसतं. चष्मा, चार्जर, औषधांचा डबा, मनगटातून काढून खिडकीच्या कडेला ठेवलेलं घड्याळ. खाण्याची पिशवी मात्र आजवर कुणा मराठी माणसाची गाडीत राहिलेली मी ऐकलेली नाही. ती मोजावीच लागत नाही, कारण दर अर्ध्या तासाला ती कुणाच्या ना कुणाच्या मांडीवर असते.

ताईने एक निळी रेक्झिनची बॅग वेगळी काढली होती. 'लागणाऱ्या वस्तूंची'. प्रवासात जे जे पटकन हाताशी हवं, ते सगळं तिच्यात. ही कल्पना वरवर फार शहाणपणाची वाटते. हरवलं तर सगळं महत्त्वाचं एकदम हरवावं, अशी ती सोय आहे, हे नंतर लक्षात येतं.

बेळगावला दाजी फलाटावर उतरले आणि कुंद्याचा डबा घेऊन आले. त्याच स्टेशनावर समोरच्या बर्थवर एक काकू आल्या. लेकीकडे दावणगेरेला निघाल्या होत्या, बाळंतपणाला. बसल्या बसल्या त्यांनी सुया काढल्या आणि येणाऱ्या नातवंडाचं मरून स्वेटर विणायला घेतलं. धारवाड येईपर्यंत ताईच्या दोन्ही हातांना लोकरीची लड अडकली होती आणि दोघींची सात पिढ्यांची ओळख निघाली होती.

हुबळीला आमचे दाजीच हरवले. हुबळीचा फलाट १५०७ मीटर लांब आहे. मार्च २०२३ मध्ये त्याचं उद्घाटन झालं आणि जगातला सर्वांत लांब फलाट म्हणून गिनीजमध्ये त्याची नोंद आहे. दीड किलोमीटर म्हणजे सांगलीत स्टेशनपासून रिक्षा करावी एवढं अंतर. अशा फलाटावर मराठी माणसाने चहाला उतरू नये. दाजी उतरले, आणि चांगला चहा पुढे मिळतो या आयुष्यभराच्या विश्वासाने पुढे पुढे गेले. गाडीने शिट्टी दिली तेव्हा ते क्षितिजावर होते. कुठल्यातरी दूरच्या डब्यात शिरून, आतल्या आत सगळ्या गाडीतल्या लोकांच्या पायांवरून चालत ते परत आले, तेव्हा गाडीने बरंच अंतर कापलं होतं. मधल्या काळात ताईने साखळी ओढायला हात वर केला होता. मी तिला सांगितलं, वाजवी कारणाशिवाय साखळी ओढली तर रेल्वे कायद्यात हजार रुपयांपर्यंत दंड किंवा वर्षापर्यंत कैद आहे. ताईने हात खाली घेतला. दाजींना हे अजून सांगितलेलं नाही.

म्हैसूरला गाडीचा प्रवास संपतो, त्यामुळे उतरायची घाई नसते, निदान नसावी. पण घाई ही स्टेशनवर अवलंबून नसते, स्वभावावर असते. दाजींनी सामान खाली उतरवून घेतलं, टिंबं दिली, झेरॉक्स काढून पडताळलं आणि म्हणाले, "नऊ. नग बरोबर आहेत." आम्ही लॉजवर गेलो.

लॉजवर ताईने सुटकेस उघडायला किल्ली मागितली. साखळीची किल्ली दाजींच्या जानव्याला होती, पण सुटकेसची किल्ली निळ्या बॅगेत. आणि निळी बॅग कुठे आहे, असं विचारल्यावर खोलीत जी शांतता पसरली तिच्यात दाजी पुन्हा मोजू लागले. नऊच भरले. दोन-तीनदा मोजूनही नऊच. हिशेब चोख, बॅग गायब. उलगडा ताईने केला. मिरजेला नऊ होते, वाटेत कुंद्याचा डबा आला, म्हणजे दहा व्हायला हवे होते. आलेल्या डब्याने गेलेल्या बॅगेची जागा चुपचाप भरून काढली होती. नगमोजणीच्या शास्त्रात जमा-खर्चाला रकाना नाही, एवढंच काय ते.

"मग आकडा चुकला नाही," दाजी म्हणाले. हेडक्लार्कला एवढं पुरे असतं.

पुढचा वाद असा, की बॅग हरवली की चोरीला गेली. ही नुसती शब्दांची लढाई नाही. तिच्यावर पुढचं सगळं खातं ठरतं. चोरी झाली असेल तर ते काम रेल्वे पोलिसांचं, म्हणजे राज्य सरकारच्या पोलिसांचं. ते एफआयआर घेतात, आणि त्यासाठी प्रवास मोडावा लागत नाही, गाडीतच टीटीईकडे किंवा गार्डकडे तक्रारीचा फॉर्म मिळतो. नुसती राहून गेली असेल तर स्टेशनमास्तर किंवा आरपीएफ, म्हणजे केंद्राचं रेल्वे सुरक्षा दल. पण कोणताही स्वाभिमानी पुरुष वस्तू 'राहिली' असं म्हणत नाही. राहिली म्हटलं की कुणी ठेवली, कुणी पाहिली नाही, हे निघतं. चोरीला गेली म्हटलं की घरातले सगळे एकदम निर्दोष. दाजी चोरीवर ठाम होते. डब्यातला एक दाढीवाला माणूस त्यांना मिरजेपासूनच संशयास्पद वाटला होता. तो माणूस बेळगावलाच उतरला होता आणि त्यानंतर ताईने त्याच बॅगेतून दाजींना ॲसिडिटीची गोळी दिली होती, ही गोष्ट त्यांना पटेना.

दाजींचं दुसरं म्हणणं, रेल्वेने भरपाई द्यावी. इथे कायदा अगदी कोरडा आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्याचं शंभरावं कलम सांगतं, की पावती घेऊन बुक केलेल्या सामानाची जबाबदारी रेल्वेची. तुम्ही स्वतःजवळ बाळगलेलं सामान गेलं तर रेल्वेचा निष्काळजीपणा किंवा गैरवर्तन तुम्ही सिद्ध करायचं. आणि हे कलम किती पक्कं आहे ते कळायला जून २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. एका व्यापाऱ्याने २००५ मध्ये काशी विश्वनाथ एक्स्प्रेसने जाताना एक लाख रुपये कमरेच्या पट्ट्यात बांधले होते. सकाळी उठून पाहतो तर गेलेले. जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशा तिन्ही ग्राहक मंचांनी त्याच्या बाजूने कौल दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की प्रवाशाला स्वतःचं सामान सांभाळता आलं नाही याला रेल्वेला जबाबदार धरता येत नाही. मी दाजींना हे सांगितल्यावर त्यांनी नकळत स्वतःची कंबर चाचपली. तिथे साखळीची किल्लीच होती.

शेवटी १३९ लावला. सुरक्षेसाठी पूर्वी १८२ हा निराळा नंबर होता, तो २०२१ मध्ये १३९ मध्येच मिसळला, त्यामुळे आता सगळी दुखणी एकाच नंबरवर सांगायची. पीएनआर विचारला. तो त्या झेरॉक्सवर होता, दाजींच्या सहीमागे. सकाळी निरोप आला: गाडी धुवायला यार्डात गेली तेव्हा सफाई कामगारांना वरच्या बर्थवर, भिंतीला टेकलेली बॅग सापडली. चौकीत जमा आहे. मात्र निळ्या बॅगा दोन आल्यात, दुपारी येऊन ओळख पटवा.

दुपारपर्यंत करायचं काय? ताईची औषधं बॅगेत, दाजींचा वाचायचा चष्मा बॅगेत, चामुंडी टेकडीच्या पायऱ्या चढायची इच्छा कुणालाच नव्हती. मी त्यांना स्टेशनजवळच्या रेल्वे म्युझियममध्ये नेलं. १९७९ पासूनचं हे संग्रहालय, आणि त्यातली पाहण्याची गोष्ट म्हणजे म्हैसूरच्या महाराणींचा १८९९ चा सलून. राणीसाहेबांच्या डब्याला स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतःचं न्हाणीघर. ताई बराच वेळ त्या डब्याकडे पाहत होती. "यांचं काही राहायचा प्रश्नच नाही," ती म्हणाली, "घरच रुळावर घातलंय." दाजींनी तिथेही नग मोजले असावेत. त्यांची तर्जनी हलत होती.

तिथून कृष्णराज बुलेव्हार्डवर गेलो. रस्ता झाडांचा, सावलीचा, आणि तिथे प्राच्यविद्या संशोधन संस्थेची जुनी इमारत आहे. १८९१ मध्ये सुरू झालेलं म्हैसूरचं ओरिएंटल ग्रंथालय ते हेच. तंजावरकडच्या एका पंडिताने ताडपत्रांचं एक बाड या ग्रंथालयात आणून दिलं. ग्रंथ लिपीतलं. ग्रंथपाल होते आर. शामशास्त्री. त्यांनी १९०५ मध्ये ते ओळखलं आणि १९०९ मध्ये छापलं. ते होतं कौटिल्याचं अर्थशास्त्र. त्याआधी कित्येक शतकं लोक या ग्रंथाचं नाव घेत, दुसऱ्यांच्या पुस्तकांत त्याचे उल्लेख वाचत, पण ग्रंथ काही कुणाजवळ नव्हता.

मला यातली गंमत वाटते ती अशी, की याच अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात हरवलेल्या मालाचे नियम आहेत. म्हणजे हरवलं-सापडलं खात्याची नियमावलीच कुठेतरी राहून गेली होती, आणि ती जमा झाली म्हैसूरला. नियम सविस्तर आहेत. सापडलेली वस्तू जकातीच्या नाक्यावर ठेवायची. तीन पंधरवडे मालक आला नाही तर राजाने घ्यायची. मालक आला तर त्याने आधी ती आपली असल्याचं सिद्ध करायचं. सिद्ध करता आलं नाही तर उलट त्यालाच दंड. आणि सिद्ध झालं तरी फुकट नाही, सोडवणुकीचा दर आहे. मौल्यवान वस्तू असो वा किरकोळ, शेकडा पाच. गाय किंवा म्हैस, दोन पण. घोड्यासारखं एका खुराचं जनावर, चार पण. शेळीमेंढी, पाव पण. आणि दोन पायांचा प्राणी हरवला तर पाच पण. त्या काळी त्यात दासदासी येत, हे उघड आहे, आणि ते वाचताना हसू थांबतं. पण हुबळीचा प्रसंग ताजा असल्याने ताईने तो दर दाजींना लावून पाहिला.

"पाच?" ती म्हणाली. "आणि म्हशीला दोन?"

"दोन."

"म्हैस परवडली."

दाजींचं लक्ष शेकडा पाचावर होतं. बॅगेची किंमत किती लावायची, यावर त्यांचा हिशेब सुरू झाला. मी त्यांना एक आकडा दिला. पश्चिम रेल्वेच्या आरपीएफने २०२१ मध्ये १३१७ प्रवाशांचं २ कोटी ५८ लाखांचं सामान शोधून परत केलं होतं. म्हणजे डोई सरासरी वीस हजारांच्या आतबाहेर. दाजींचा चेहरा उजळला. आपली बॅग सरासरीत बसते, अशी त्यांची समजूत झाली. आत इसबगोल आहे, हे त्या क्षणी कुणी बोललं नाही.

याच पश्चिम रेल्वेची 'मिशन अमानत' नावाची योजना आहे. सापडलेल्या सामानाचे फोटो वेबसाइटवर लावतात, आपण आपलं ओळखायचं. मी एकदा ते फोटो चाळत बसलो होतो. काळ्या बॅगा, काळ्या बॅगा, करड्या बॅगा, मधूनच एखादी गुलाबी. प्रत्येकीखाली कुठे सापडली ते. वधूवर सूचक मंडळाची वही चाळताना येतो तसाच अनुभव: सगळी स्थळं चांगली, आणि आपलं कोणतं ते काही केल्या कळत नाही. आपण वर्षानुवर्षं जी बॅग वापरतो तिचा चेहरा आपल्याला आठवत नाही. विचारलं तर आपण सांगतो, "काळी. चेनवाली." देशात ज्या बॅगेला चेन नाही अशी बॅग आता फक्त म्युझियममध्ये असेल.

खरी परीक्षा पुढे असते. हरवणं सोपं, त्याला पुरावा लागत नाही. परत मिळवायला मात्र आत काय आहे ते सांगावं लागतं, मोठ्याने, खात्याच्या माणसासमोर, शिवाय बाकावर बसलेले अनोळखी लोक ऐकत असतात. अशा वेळी वाटतं, आपल्या बॅगेत जरा बऱ्या वस्तू असायला हव्या होत्या. रवींद्रनाथ टागोरांच्या बाबतीत हे शोभून गेलं. १९१२ मध्ये ते लंडनला पोचले तेव्हा गीतांजलीच्या इंग्रजी अनुवादाचं बाड असलेली बॅग त्यांचे चिरंजीव रथींद्रनाथ भुयारी रेल्वेत विसरले. वडिलांनी बाड मागितलं तेव्हा पोराच्या लक्षात आलं. धावत हरवलेल्या सामानाच्या कचेरीत गेले आणि बॅग तिथे होती. पुढच्या वर्षी नोबेल. त्या कचेरीतल्या कारकुनाने आत काय आहे विचारलं असेल, आणि रथींद्रनाथांनी सांगितलं असेल, "कविता." त्या कारकुनाने वर मान करून पाहिलंही नसेल, याची मला खात्री आहे.

दुपारी चौकीत गेलो. बाकावर आमच्याआधी एक आजोबा नातवाबरोबर बसले होते. त्यांची कवळी गाडीत स्टीलच्या पेल्यात राहिली होती. पेला टेबलावर होता. आपलीच कशावरून, असा प्रश्न आला. आजोबांनी नातवाच्या बाटलीतलं पाणी घेऊन कवळी विसळली, तोंडात बसवली आणि कन्नडमध्ये स्वतःचं नाव, बापाचं नाव, गाव, सगळं खणखणीत सांगितलं. यापुढे कौटिल्यानेही आणखी पुरावा मागितला नसता. लंडनच्या हरवलं-सापडलं कचेरीत कवळ्या जमा होतात, असं मी वाचलं होतं तेव्हा मला ती थाप वाटली होती. तोंडातली वस्तू माणूस विसरेलच कशी? आता कळलं, तोंडातून काढल्यावर विसरतो.

आमची पाळी आली. टेबलापाशी सबइन्स्पेक्टर मॅडम होत्या. त्या कन्नड वळणाचं हिंदी बोलत, आणि दाजी सांगली वळणाचं. मधल्या प्रदेशात दोघांची गाठ पडत होती.

"बॅग का कलर?"

"निळी. मतलब ब्लू. लेकिन कोपरे में फाटेली है."

"अंदर क्या क्या है? एक एक बोलिए."

दाजींना आत काय आहे ते ठाऊक नव्हतं. त्यांना आकडा ठाऊक होता. त्यांनी ताईकडे पाहिलं. ताई उभी राहिली आणि तिने संसाराची बॅग उघडावी तशी यादी सुरू केली. बीपीच्या गोळ्या, पांढरी पट्टी. यांच्या ॲसिडिटीच्या गोळ्या, गुलाबी. इसबगोल, डबा मोठा, अर्ध्याहून जास्त संपलेला. भडंग, जयसिंगपूरचं, दोन पुड्या, एक फोडलेली. पंचा. चष्मा, त्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. सांगलीच्या गणपतीचा छोटा फोटो, प्लास्टिकमध्ये. किल्ली, सुटकेसची. मोबाइलचा चार्जर. आणि यांचं एक बनियन, ते...

"इतना बस है," दाजी घाईने म्हणाले.

"नहीं नहीं, पूरा बोलिए," मॅडम म्हणाल्या आणि लिहीत राहिल्या. बाकावर कवळीवाले आजोबा अजून थांबले होते. त्यांचं काम झालं होतं, पण त्यांना यादी आवडली होती.

बॅग उघडली. मॅडम एकेक वस्तू काढून टेबलावर ठेवत गेल्या आणि यादीवर खूण करत गेल्या. गोळ्या, इसबगोल, भडंग, पंचा, काडी बांधलेला चष्मा, गणपती. सगळं जुळलं. बनियनही जुळलं, सर्वांसमक्ष. दाजी छाती काढून उभे राहिले. यादी संपली, तेव्हा बॅगेच्या तळाशी आणखी काहीतरी होतं. मॅडमनी ते वर काढलं. मरून लोकरीचं स्वेटर, एवढंसं, दोन सुया अडकवलेल्या, आणि लोंबणारा धागा.

"ये किसका है?"

आम्ही तिघं एकमेकांकडे पाहू लागलो. दावणगेरे आल्यावर काकू गडबडीत उतरल्या होत्या, त्यांचा जावई फलाटावरून हाका मारत होता. आणि गाडी सुटल्यावर दाजींनी बर्थवर जे जे पडलेलं दिसलं ते ते उचलून हाताशी असलेल्या बॅगेत कोंबलं होतं. आपलं काही राहू नये म्हणून. माणूस उतरताना स्वतःच्या वस्तू मागे ठेवतो आणि दुसऱ्याच्या घेऊन जातो, हे मी पुष्कळ पाहिलंय, पण एकाच बॅगेत दोन्ही कामं झालेली प्रथमच पाहिली.

"यादी में नहीं है," मॅडम म्हणाल्या. "बॅग में है."

त्यांचा आक्षेप बरोबर होता. आमचं सगळं सापडलं होतं आणि शिवाय एक जास्त सापडलं होतं. हरवलेल्या बॅगेत भर पडल्याची तक्रार कोणत्या रकान्यात घ्यायची, हे कौटिल्यानेही सांगितलेलं नाही. ताईने खुलासा केला. दावणगेरे, बाळंतपण, लोकरीची लड, सगळं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. मुलगी पहिलटकरीण आहे का, असं त्यांनी विचारलं. मग बर्थचा नंबर घेतला, त्यावरून काकूंचा पत्ता काढता येईल असं म्हणाल्या, आणि नोंदवही उलटून नवीन पान काढलं. पहिल्या पानावर दाजी सामान घेणारे होते, या पानावर सामान जमा करणारे झाले.

फोटो दोनदा काढावा लागला. आधी बॅग घेताना, मग स्वेटर देताना. दोन्हींत हवालदार कॅमेऱ्याकडे पाहून प्रसन्न हसतोय. दाजी पहिल्या फोटोत बनियनच्या दिशेने हात आडवा धरून उभे आहेत आणि दुसऱ्यात त्यांनी सुया टोचू नयेत म्हणून ते झबल्याएवढं स्वेटर लांब धरलंय, चेहऱ्यावर आरोपीचा भाव.

सही करायची वेळ आली तेव्हा दाजींनी चष्मा लावला, काडीची गाठ कानावर नीट बसवली आणि नोंद अक्षर न् अक्षर वाचली. मॅडमनी वस्तूच्या वर्णनात हिंदीत लिहिलं होतं: स्वेटर, लहान मुलाचं, मरून, एक बाही नाही.

"मॅडम," दाजी म्हणाले, "ये काटिए. एक बाही नाही ऐसा मत लिखिए. कल वो लोग बोलेंगे, बाही थी, इन्होंने ठेवून ली. ऐसा लिखिए: एक बाही अजून व्हायची आहे."